खाणीजवळच्या ओढ्याचे पाणी कसे तपासावे?

ओढ्यातून एक बाटली भरून प्रयोगशाळेत दिली आणि अहवाल आला, एवढ्यावरून खाणीचा परिणाम ठरवता येत नाही; आकड्याला अर्थ येतो तो तुलनेमुळे. म्हणून किमान तीन ठिकाणे आधी निश्चित करावीत: खाणीचे पाणी मिसळण्यापूर्वीचे वरच्या अंगाचे, खाणीचे पाणी जिथून बाहेर पडते तिथले, आणि दोन्ही प्रवाह एकजीव झाल्यानंतरचे खालच्या अंगाचे. संगमाला लागूनच नमुना घेणे ही नेहमीची चूक आहे, कारण तिथे एका काठाने खाणीचे आणि दुसऱ्या काठाने मूळ ओढ्याचे पाणी वेगवेगळे वाहत असते. दोन्ही काठांवर आणि मधोमध विद्युतवाहकता (पाण्यातून वीज किती सहज वाहते याचे माप; विरघळलेल्या क्षारांनी ती वाढते) सारखी येईपर्यंत खाली चालत जावे. वरच्या अंगाचा नमुना कधीही टाळू नये. खनिजयुक्त खडकांत खाण नसतानाही लोह किंवा आर्सेनिक पाण्यात उतरू शकते.

उपकरणे बाहेर काढण्यापूर्वी ओढ्याचा तळ पाहावा. दगडांवरचा नारिंगी थर लोहाचा, पांढुरका बहुधा ॲल्युमिनियमचा आणि काळा मँगनीजचा असतो. मात्र पाणी नितळ आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण तीव्र आम्लात धातू विरघळलेले राहतात आणि असे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसू शकते. हे आम्ल येते कुठून? खडकातील पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज हवा आणि पाण्याच्या संपर्कात आले की गंधकाम्ल तयार होते, आणि ते इतर धातू विरघळवते. वाटेत चुनखडी असेल तर आम्ल शमते, पण गंधकाम्लातले सल्फेट मागे उरते; म्हणून सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी) ७ असला तरी सल्फेट तपासावेच.

सामू, तापमान, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजावेत, कारण बाटलीत ते बदलतात. सामूमापक त्याच दिवशी ४ आणि ७ सामूच्या प्रमाणित द्रावणांनी जुळवून घ्यावा. सामू ६ वरून ५ वर आला म्हणजे आम्लता ठरवणाऱ्या हायड्रोजन आयनांची संहती (पाण्यातले प्रमाण) दहापट वाढली, हे नोंदी वाचताना विसरू नये.

नमुने खालून वर जात घ्यावेत, म्हणजे पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येत नाही. विरघळलेल्या धातूंसाठी पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवरच गाळून, सामू २ च्या खाली जाईल इतके शुद्ध नायट्रिक आम्ल हातमोजे घालून त्यात मिसळावे. एकूण धातूंसाठी न गाळलेल्या पाण्याची वेगळी बाटली घेऊन तीही अशीच आम्लयुक्त करावी. सल्फेट आणि क्षारता (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता) यांच्या बाटलीत आम्ल घालू नये. ती बर्फात थंड ठेवावी. सोबत शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली आणि एका ठिकाणचा दुहेरी नमुना पाठवल्यास बाटली किंवा हाताळणीतली चूक उघडी पडते.

यानंतर प्रवाह मोजावा, जो पुष्कळदा राहून जातो. सरळ पट्ट्यात तरंगती वस्तू सोडून वेग काढावा, त्याला सुमारे ०.८५ ने गुणावे आणि प्रवाहाच्या छेदाच्या क्षेत्रफळाने पुन्हा गुणावे. लोह ५ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि प्रवाह २० लिटर प्रति सेकंद असेल, तर दिवसाला ८.६४ किलो लोह वाहून जाते. पावसाळ्यात संहती घटली तरी हा भार वाढलेला असू शकतो. म्हणून कोरड्या काळात, पावसाळ्यात आणि विशेषतः दीर्घ उघडीपीनंतरच्या पहिल्या पावसात मोजमाप करावे, कारण ढिगाऱ्यांवर साचलेले क्षार त्या पहिल्या पाण्यात एकदम उतरतात.

शेवटी तळाचे दगड उलटून किडे पाहावेत. मेफ्लाय या कीटकाच्या पाण्यात वाढणाऱ्या अळ्या धातूंना फार संवेदनशील असतात. वरच्या अंगाला त्या विपुल आणि खालच्या अंगाला, तळ व प्रवाह सारखे असूनही, दिसेनाशा झाल्या असतील, तर नमुना घेण्याच्या क्षणी पाणी बरे असले तरी मधल्या काळात काहीतरी वाहून गेले असण्याची शक्यता धरावी आणि मोजणीची वारंवारता वाढवावी.