पॅराथायरॉइडची गाठ सापडत नाही? तपासणीतल्या या चुका टाळा

व्यापारी जहाजावरचे कॅप्टन चार्ल्स मार्टेल यांची हाडं इतकी ठिसूळ झाली होती, की उंची काही इंचांनी घटली. दोष पॅराथायरॉइडचा, म्हणजे थायरॉइडजवळच्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार चिमुकल्या ग्रंथींचा, हे डॉक्टरांनी ओळखलं होतं. तरी सहा शस्त्रक्रियांत गाठ हाती लागली नाही. १९३२ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात सातव्या खेपेला ती छातीत सापडली. काही आठवड्यांतच ते गेले. आज स्कॅन आहेत, पण शोध मानेतच संपवण्याची चूक अजून होते.

गर्भात खालच्या दोन पॅराथायरॉइड थायमस या छातीतल्या ग्रंथीबरोबर मानेत उतरतात. एखादी जास्त उतरली तर छातीत जाते, उतरलीच नाही तर जबड्याजवळ राहते. म्हणून स्कॅन जबड्याच्या कोनापासून हृदयापर्यंत हवा. तपासणीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘मान’ लिहू नका.

वरच्या ग्रंथीची गोष्ट वेगळी, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. तिची गाठ वजनाने अन्ननलिकेच्या मागे खाली घसरते. सेस्टामिबी हे किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेल्या स्कॅनच्या सपाट चित्रात ती खाली दिसते, मग ‘खालची ग्रंथी’ असा रिपोर्ट जातो आणि सर्जन पुढच्या बाजूला शोधत राहतात. खोली कळायला स्पेक्ट-सीटी, म्हणजे त्याच स्कॅनचं सीटीशी जोडलेलं त्रिमितीय चित्र लागतं. रिपोर्टमध्ये उजवी-डावी एवढंच नको. श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या पुढे की मागे, हेही स्पष्ट हवं.

सोनोग्राफी जरूर करा, पण तिच्यावर थांबू नका. हवा आणि हाड यांच्या पलीकडचं तिला दिसत नाही. श्वासनलिकेमागची किंवा छातीच्या हाडामागची गाठ ती दाखवणार नाही.

‘स्कॅन नॉर्मल, म्हणजे आजार नाही’ हा निष्कर्ष तर मुळातच चुकीचा आहे. निदान रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक) एकत्र पाहून होतं, सोबत ड जीवनसत्त्व आणि २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम. ड जीवनसत्त्व कमी असलं तरी पीटीएच वाढतं, हे विसरून थेट स्कॅनला पाठवलेले रुग्ण पाहिले की वाईट वाटतं. निदान पक्कं असेल आणि सेस्टामिबीत काही दिसलं नाही, तर फोर-डी सीटी (डाय देऊन अनेक टप्प्यांत काढलेला सीटी) किंवा फ्लुरोकोलीन या किरणोत्सारी द्रव्याचा पेट-सीटी करता येतो.

साध्या सीटीवर मात्र भिस्त नको. पॅराथायरॉइडची गाठ बहुधा डाय मिळताच चटकन उजळते आणि लवकर फिकी पडते, लसिकाग्रंथी सावकाश उजळते. चित्रं एकाच टप्प्यात घेतली तर हा फरक निसटतो. उलट सेस्टामिबी थायरॉइडच्या गाठीतही साठतं, त्यामुळे तिथला ठिपका सोनोग्राफीशी ताडून पाहा.

एकदा शस्त्रक्रिया फसली असेल, तर पुन्हा चाकू लावण्यापूर्वी दोन वेगळ्या तपासण्यांचं एकाच जागेवर एकमत हवं. आणि नव्या स्कॅनआधी जुन्या ऑपरेशनची नोंद व बायॉप्सीचा रिपोर्ट मिळवा: चारपैकी कोणत्या ग्रंथी प्रत्यक्ष दिसल्या, कोणती दिसलीच नाही, ते त्यातच लिहिलेलं असतं.