उन्हाळी सल्ला: जुन्या पिकअपच्या रेडिएटरात बोअरचं पाणी ओतू नका

होळी झाली की खानदेश-मराठवाड्यात पारा चढायला लागतो, आणि नेमका त्याच दिवसांत माल निघतो. टरबूज, खरबूज, टोमॅटो, कोथिंबीर, मेथी, केळी आणि पाठोपाठ उन्हाळ कांदा. हा सल्ला पिकाचा नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीचा आहे. खत-पाणी, फवारणी, तोडणी सगळं वेळेवर करून शेवटच्या पन्नास-साठ किलोमीटरांत माल गमावलेले शेतकरी मी दर उन्हाळ्यात पाहतो. टायर फुटला, डिझेल संपलं अशी कारणं क्वचित असतात. बहुतेक वेळा गाडी उकळलेली असते, आणि झाकण उघडून बघितलं की आत बोअरचं पाणी असतं.

जळगाव-भुसावळकडून छत्रपती संभाजीनगरला जायचं तर अजिंठ्याचा घाट. बीडहून सोलापूरकडे मांजरसुंब्याचा. संगमनेरहून पुण्याला चंदनापुरीचा. हे चढ भरल्या गाडीने चढावे लागतात. दुसऱ्या गिअरला गाडी रेटायची म्हणजे इंजिन जोरात फिरतं, पण गाडी हळू चालते, त्यामुळे समोरून वारा लागत नाही. पाठीवर पासिंगपेक्षा, म्हणजे आरटीओने मंजूर केलेल्या वजनापेक्षा, जास्त माल. पहिल्या छोट्या हत्तीची क्षमता ७५० किलोची. त्यात दीड टन टरबूज भरलेलं मी पाहिलंय. सपाटीवर कमाल तापमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश जास्त गेलं की हवामान विभाग उष्णतेची लाट जाहीर करतो, आणि ते तापमान सावलीत मोजलेलं असतं. डांबरावरची हवा त्याहून कितीतरी तापलेली असते. तीच हवा तुमच्या रेडिएटरला थंड करणार आहे.

चंदनापुरीच्या चढावर कोथिंबिरीने भरलेली एक जुनी पिकअप उभी होती. बॉनेट वर, खाली पाण्याचा ओघळ. ताडपत्रीचा कोपरा उचलला तर आतून वाफेचा भपका आला. मधल्या जुड्यांची पानं पिवळी पडायला लागली होती. मेकॅनिकने रेडिएटरचा वरचा पाईप काढून दाखवला. आत करंगळीच्या नखाएवढा जाड पांढरा थर होता, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला की चुन्यासारखा पडत होता. माल दुसऱ्या गाडीत भरून बाजारात पोचेपर्यंत लिलाव उरकला होता. भाव पडलेला नव्हता, जुडी पडली होती.

ज्या बोअरच्या पाण्याने ठिबकचे ड्रिपर चोंदतात, तेच पाणी आपण इंजिनात ओततो. ठिबकला क्षार धरले की आपण ॲसिड सोडतो, फ्लश करतो, लॅटरलची टोकं उघडतो. गाडीला मात्र वर्षानुवर्षं तसंच चालवतो. पाणी तापलं की त्यातला चुना सुटतो आणि इंजिनात जी जागा सर्वांत गरम, म्हणजे हेड (इंजिनाचा वरचा भाग), तिथेच आधी बसतो. त्या थरातून उष्णता पाण्यात उतरत नाही. काटा अर्ध्यावर दिसतो आणि हेड मात्र भाजत असतं. वर लोखंडाचा गंज येतो, पाणी चहाच्या रंगाचं होतं, त्याचा गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतो आणि वॉटर पंपाचं सील खातो.

यावर उपाय कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव. ते नुसतं रंगीत पाणी, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. ‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतो’ असं म्हणून तो टाळला जातो. कूलंट पाणी गोठू देत नाही हे खरं, पण आपल्याकडे त्याचं खरं काम गंज रोखण्याचं आहे. उशिरा उकळण्याचा फायदाही आहे: निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण साधारण १०६-१०७ अंशांना उकळतं, आणि वर चांगलं झाकण असेल तर दाबामुळे तो आकडा १२० च्या पुढे जातो. झाकणाचं रबर गेलेलं असेल तर दाब धरतच नाही, साधं पाणी शंभरालाच उकळतं आणि बाहेर फेकलं जातं. म्हणून मी आधी झाकण बघतो. त्यावर दाबाचा आकडा कोरलेला असतो, ०.९ किंवा १.१ असा. त्याच आकड्याचं नवीन घ्या. रबर फुगलेलं, चिरलेलं, स्प्रिंग ढिली असेल तर विचार करत बसू नका, ही स्वस्तातली वस्तू आहे.

गुढीपाडव्याच्या आत एक सकाळ काढा आणि हे काम घरच्या घरी करा. गाडी रात्रभर उभी हवी. गरम गाडीचं झाकण उघडून तोंड-छाती भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. झाकणावर हात ठेवून गार लागलं तरच उघडा.

रेडिएटरच्या खालचा ड्रेन प्लग (पाणी सोडायचं बूच) सोडा. जुन्या गाडीत तो बहुधा जाम असतो, तेव्हा जोर लावून तोडण्यापेक्षा खालचा रबरी पाईप काढा. निघेल ते सगळं पाणी बादलीत धरा आणि लिटरमध्ये मोजून लिहून ठेवा. शेवटी भरताना तेवढंच परत गेलं पाहिजे; कमी गेलं तर आत हवा अडकली आहे. बोटाला लागलेलं पाणी बघा. तांबडा गाळ असेल तर गंज, तेलकट तवंग असेल तर भानगड हेडची आहे, तिथे थांबा आणि मेकॅनिककडे जा.

मग स्वच्छ पाण्याने धुवायचं. भरा, इंजिन दहा मिनिटं चालवा, गार होऊ द्या, सोडा. पाणी नितळ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. पांढरा थर असेल तर मी दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालतो, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते. पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवायचं, गार झाल्यावर काढायचं, मग दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवायचं. हे प्रमाण कुठल्या कंपनीच्या पुस्तकातलं नाही, वापरातून बसलेलं आहे. मुद्दाम सौम्य ठेवलंय. जास्त घालून लवकर साफ होईल असं समजू नका. आणि ठिबकसाठी आणलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड गाडीत चुकूनही ओतू नका, ॲल्युमिनियमचं रेडिएटर आणि हेड त्याने खाल्लं जातं. खूप जुन्या, कधीच न धुतलेल्या गाडीत गाळच भोकं बुजवून बसलेला असतो. धुतल्यावर गळती लागली तर ती आधीपासूनच होती असं समजा. ती अंगणात कळलेली बरी.

भरताना निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात तेच. डबा घेताना वाचा: तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, घट्ट असेल तरच घालायचं. दुकानदार दोन्ही एकाच भावात देत असेल तर घट्ट घ्या. रंगावरून ठरवू नका, हिरवं-लाल-निळं हा कंपनीचा मामला आहे. गाडीच्या पुस्तकात सांगितलेला प्रकार घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका. डिस्टिल्ड मिळालंच नाही तर आरओचं शुद्ध पाणी चालेल. भर पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं, फडक्याने गाळलेलं पावसाचं पाणीसुद्धा बोअरपेक्षा चांगलं. आमच्याकडे दोन-तीन जण दर श्रावणात कॅन भरून ठेवतात. बोअरचं नको, नदीचं नको, पंपावरच्या नळाचं नको.

झाकण न लावता इंजिन सुरू करा, हीटर असेल तर गरमवर ठेवा. बुडबुडे येत राहतील, पातळी उतरेल, भरत राहा. वरचा पाईप हाताला गरम लागला म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे वाट देणारी झडप, उघडला. बुडबुडे थांबले की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पातळी बघा, बहुतेक वेळा अर्धा-एक लिटर लागतो.

कूलंट कधी बदलायचं? साध्या हिरव्या कूलंटला पुस्तकं दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर सांगतात. माझं मत असं की आधी बोअरच्या पाण्यावर चाललेल्या गाडीत पहिलं कूलंट वर्षभरातच बदलावं, कारण राहिलेला गंज त्यात सुटत राहतो.

थर्मोस्टॅटबद्दल भांडावंच लागेल. गाडी गरम होते म्हटलं की अनेक मेकॅनिक तो काढून फेकतात. काही दिवस काटा खाली राहतो, मालक खूश. पण हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त जातं आणि रेडिएटर चोंदल्याचं मूळ दुखणं तसंच झाकून राहतं. काढलेला थर्मोस्टॅट घरी पातेल्यात पाण्यात दोऱ्याला टांगून उकळा. त्यावर आकडा असतो, बहुधा ८२ च्या आसपास. त्या सुमारास तोंड उघडायला लागलं आणि पाणी उकळेपर्यंत नीट उघडलं तर तो चांगला आहे, परत बसवा. नाही उघडला तर नवीन.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात:
– फॅन बेल्ट: दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण १० ते १२ मिमी दबला पाहिजे. कडेला तंतू निघाले, चिरा पडल्या की बदला; जुना चालू बेल्ट सीटखाली ठेवा.
– पंखा: जिथे व्हिस्कस क्लच (तापल्यावरच पंख्याला जोर देणारा) आहे तिथे गार, बंद इंजिनावर हाताने फिरवा. थोडा अडून फिरावा. गरगर फिरत राहिला तर क्लच गेला.
– रबरी पाईप: दाबून बघा. पिठासारखा मऊ किंवा करकरीत कडक, दोन्ही वाईट. क्लिपा नवीन.
– वॉटर पंप: खालच्या बारीक भोकातून थेंब गळतो का, पुली हलते का.
– रेडिएटरच्या जाळीतली माती, भुसा, पाखरं: इंजिनाच्या बाजूने समोरच्या बाजूला, साध्या पाईपच्या धारेने. फवारणीच्या एचटीपी पंपाची गन लावू नका, जोराच्या धारेने जाळीची पाती आडवी होतात.

दुकानात यावर दहा बाटल्या दाखवतील. फ्लश करणारी, थंडावा वाढवणारी, गळती बंद करणारी पावडर. गळती बंद करणारी पावडर भोक ओळखत नाही, बारीक नळ्याही बुजवते. रस्त्यात अडलात आणि रेडिएटर पाझरतंय तर जुने ड्रायव्हर मूठभर हळद घालतात. त्याने थेंब थांबतो हे मी पाहिलंय आणि बाजार गाठण्यापुरतं ते मान्य आहे, पण परत आल्यावर सगळं धुऊन काढा आणि गळतीची डागडुजी करा. त्या बाटल्यांच्या पैशात झाकण, दोन क्लिपा, एक बेल्ट आणि कूलंटचा डबा येतो.

रस्त्यात काटा वर चढायला लागला तर घाट संपायची वाट बघू नका. हीटर असेल तर पूर्ण गरम करून पंखा लावा, उन्हाळा आहे तरी लावा, तेवढी उष्णता इंजिनातून निघते. कडेला घ्या, चाकामागे दगड लावा. वाफ नसेल, बेल्ट शाबूत असेल तर इंजिन थोडा वेळ न्यूट्रलला चालू ठेवा. वाफ येत असेल, बेल्ट तुटला असेल किंवा पाणी गेलं असेल तर लगेच बंद करा. पाऊण तास तरी झाकणाला हात नको. तापलेल्या इंजिनावर आणि इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. आणि काटा एकदम खाली आला म्हणून सुटलो असं मानू नका. पाणीच संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. अशा काट्यावर भरवसा ठेवून चालवलेल्या गाड्यांचंच हेड वाकतं.

वाटेत तात्पुरतं नळाचं पाणी घालावंच लागलं तर घाला, माल आधी. पण त्या आठवड्यातच ते काढून टाका. ‘चालतंय की’ म्हणून राहिलेलं हे एकदाचं पाणीच वर्षभर आत राहतं, आणि पुढच्या चैत्रात तीच गाडी घाटात दिसते.

नेहमीची कामं, मॅन्युअलप्रमाणे:
– इंजिन ऑईल आणि ऑईल फिल्टर
– डिझेल फिल्टरातलं पाणी सोडणे
– एअर फिल्टर (धुळीच्या दिवसांत निम्म्या अंतराने)
– ब्रेक ऑईल, लायनर, हँडब्रेक
– पाटे, यू-बोल्ट, ग्रीसिंग
– स्टेपनीसह टायरची हवा
– बॅटरीचं पाणी, टर्मिनल

तोडणीच्या दिवसांत रोज सकाळी, गाडी गार असताना: कूलंटची पातळी, गाडीखाली ओला डाग, बेल्ट. डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ दिसलं, सुरू करताना पांढरा धूर आणि गोडसर वास आला, किंवा रेडिएटरात सतत बुडबुडे उठले तर त्या दिवशी माल दुसऱ्याच्या गाडीने पाठवा. हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलेली गाडी घाट चढत नाही. भाडं जाईल, पण हेड उघडून फेस मारायचा (वाकलेला पृष्ठभाग घासून सपाट करायचा) खर्च आणि पडून राहिलेला माल यांच्यापुढे ते काहीच नाही.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कूलंटातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. काढलेलं कूलंट उघड्या बादलीत अंगणात ठेवू नका. कुत्रं, वासरू, लहान मूल, कोणीही तोंड लावू शकतं. विहिरीजवळ, नाल्यात, बांधावर ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ‘विष’ लिहून, जुन्या ऑईलसारखं गॅरेजवाल्याकडे द्या. जनावराने प्यायल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न बघता लगेच पशुवैद्यकाला बोलवा, आणि माणसाच्या पोटात गेलं असेल तर थेट दवाखाना, डबा सोबत घेऊन.