हाय-रेस बड्स घेतले पण आवाज तोच? मग या चुका टाळा

नवीन बड्स घेतले, बॉक्सवर सीडीपेक्षा वरच्या दर्जाचा आवाज सांगणारा हाय-रेस ऑडिओ वायरलेसचा सोनेरी लोगो आहे, फोनपण चांगला आहे आणि तरी गाणं लावल्यावर जुन्या बड्सपेक्षा काही वेगळं वाटत नाही, ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकलीय की आता कुणी सुरुवात केली की पुढचं वाक्य मला माहीत असतं. बहुतेक वेळा बड्समध्ये काही खोट नसते. गाण्याच्या फाइलपासून कानाच्या पडद्यापर्यंत आवाजाला बरेच नाके पार करावे लागतात, आणि त्यातल्या एका नाक्यावर जरी तो कापला गेला तरी पुढचं कुणीही ते गेलेलं परत आणू शकत नाही. आणि आपण सगळे शोधायला लागतो ते मधूनच, म्हणजे पहिल्या दिवशीच फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये, म्हणजे लपवलेल्या सेटिंगमध्ये, शिरून कोडेक (आवाज दाबून ब्लूटूथवरून पाठवायची पद्धत) बदलत बसतो. माझं सांगणं एवढंच की सुरुवात गाण्यापासून करा आणि आवाज ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं एकेक गोष्ट तपासत कानापर्यंत या.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार

सीडीचा आवाज म्हणजे १६ बिट (प्रत्येक नमुन्याचा बारकावा), ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला किती हजार नमुने), सेकंदाला १४११ किलोबिट. २४ बिट ९६ किलोहर्ट्झची फाइल असेल तर हाच आकडा ४६०८ वर जातो. आणि यूट्यूबवरच्या साध्या व्हिडिओतला आवाज असतो साधारण १२८ ते १६० च्या आसपास. आता असा व्हिडिओ लावून तुम्ही एलडॅक हा सोनीचा कोडेक ९९० किलोबिटवर ठेवलंत तर काय होणार, तर मोठ्या पाइपातून थोडंसं पाणी येणार, बाकी काही नाही.

यातली सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट मी स्वतः अनुभवलीय. म्युझिक ॲपमध्ये वाय-फायसाठी क्वालिटी लॉसलेस, म्हणजे काहीही न कापलेली, केली होती आणि मी निर्धास्त होतो, पण बाहेर असताना गाणी दबलेली वाटायची, सिंबल वाजली की खणखणीत लागायच्या ऐवजी पत्र्यावर वाळू घासल्यासारखी सुरुसुरु यायची. दोन आठवडे मी कोडेकलाच दोष देत होतो. मग कळलं की त्या ॲपमध्ये वाय-फाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड या तिघांची क्वालिटी वेगवेगळी सेट करावी लागते आणि माझी डाउनलोडची नॉर्मलवरच राहिली होती. सेटिंग बदललं तरी आधी उतरवलेली गाणी तशीच राहिली, ती काढून परत डाउनलोड करावी लागली. तेव्हा हे तिन्ही बघा, आणि ऑटो असेल तर ते काढा. स्पॉटिफायनं २०२५ मध्ये लॉसलेस आणलं, पण तेही प्रत्येक डिव्हाइसवर आपलं आपण चालू करावं लागतं, नुसता प्लॅन घेतला म्हणून सुरू होत नाही.

आणि एमपीथ्रीची फ्लॅक (लॉसलेस फाइलचा प्रकार) करून ठेवू नका. फाइल जाडजूड होते, आत तेच असतं.

कोडेक दोन्हीकडे लागतो

टाळी एका हातानं वाजत नाही तसंच हे. फोनमध्ये जो कोडेक आहे तोच बड्समध्ये असला तरच तो चालतो, नाहीतर दोघं मिळून खाली उतरतात, एएसी या साध्या कोडेकवर नाहीतर थेट एसबीसी या सगळ्यात साध्या कोडेकवर, कारण एसबीसी ब्लूटूथ म्युझिकसाठी सगळ्यांना ठेवावाच लागतो. बॉक्सवरचा तो लोगो फक्त बड्सबद्दल बोलतो, तुमच्या फोनबद्दल नाही.

आयफोन असेल तर इथेच थांबा. आयफोन ब्लूटूथवरून एसबीसी आणि एएसी एवढंच देतो, एलडॅक वाले बड्स जोडले तरी ते एएसीवरच चालणार, आणि लॉसलेस ऐकायचं असेल तर वायर लागते हे ॲपल स्वतःच सांगतं. त्याचा एएसी चांगला आहे, मन लावून ऐकता येतं, पण त्याला हाय-रेस म्हणायचं नाही. अँड्रॉइडमध्ये ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, सोनीचा एलडॅक सिस्टीममध्येच उपलब्ध आहे म्हणून तो बऱ्याच फोनमध्ये सापडतो. ॲप्टएक्स ॲडॅप्टिव्ह आणि ॲप्टएक्स लॉसलेस या क्वालकॉमच्या कोडेकना साधारण क्वालकॉमचाच चिपसेट लागतो, पण त्यांचा स्नॅपड्रॅगन आहे म्हणजे ते असणारच असं धरून चालू नका, फोन कंपनीनं ते चालू केलेलं असावं लागतं. एलएचडीसी हा कोडेक काही ठरावीक फोनमध्येच मिळतो. सॅमसंगच्या गॅलक्सी बड्समध्ये त्यांचा स्वतःचा कोडेक आहे, तो सॅमसंगच्याच फोनबरोबर चालतो, दुसऱ्या फोनला लावले की एएसी. म्हणून बड्स घ्यायच्या आधी फोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये कोडेकची यादी बघा, नंतर बघून उपयोग नसतो.

इथेच अजून एक गैरसमज, ब्लूटूथ ५.३ आहे म्हणजे आवाज चांगला. तसं काही नाही. एलडॅक काय, ॲप्टएक्स एचडी काय, हे सगळे अजूनही ब्लूटूथ क्लासिकवरूनच, म्हणजे ब्लूटूथच्या जुन्या प्रकारावरूनच, जातात आणि त्याचा कमाल वेग ३ एमबीपीएस हा २००४ पासून तोच आहे, तोही कागदावरचा, प्रत्यक्षात त्याहून बराच कमी मिळतो. २४ बिट ९६ किलोहर्ट्झची फाइल त्यातून न कापता जाऊच शकत नाही, म्हणून एलडॅकसुद्धा लॉसी, म्हणजे काही भाग कापणारा, आहे, ४६०८ चे ९९० करून पाठवतो. हाय-रेस आणि लॉसलेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत त्या एकत्र कालवल्या जातात याचा मला खरंच राग येतो, कारण त्या भरवशावर लोक पैसे घालतात. ॲप्टएक्स लॉसलेस खरोखर लॉसलेस जातो, पण सीडीच्या दर्जापर्यंत, आणि तेही सिग्नल स्वच्छ असेल तेव्हाच.

सपोर्ट आहे पण चालूच केलेलं नाही

खूप बड्स कंपनीकडून एलडॅक बंद ठेवूनच येतात, बॅटरी जास्त जाते म्हणून. आधी बड्सच्या ॲपमध्ये जा, तिथे हाय-रेस मोड नाहीतर साउंड क्वालिटी प्रायॉरिटी असं काहीतरी असतं, ते चालू करा, बड्स एकदा डिस्कनेक्ट होऊन परत जोडले जातील. मग फोनच्या ब्लूटूथमध्ये बड्सच्या नावापुढच्या गिअरवर टॅप करून एचडी ऑडिओ किंवा एलडॅकचं बटण चालू आहे का बघा. एवढं करून मग डेव्हलपर ऑप्शन्स, अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की ते उघडतात. काही फोनमध्ये बिल्ड नंबर आत सॉफ्टवेअर इन्फॉर्मेशनमध्ये असतो. तिथे ब्लूटूथ ऑडिओ कोडेक उघडा, पण बड्स जोडलेले असताना आणि गाणं चालू असताना, नाहीतर तिथे जे दिसतं त्याला अर्थ नसतो. एलडॅक करडा दिसला तर बड्सकडून तो मिळतच नाहीये, मग फोनशी झटापट करण्यात अर्थ नाही, परत बड्सच्या ॲपकडे जा.

मल्टिपॉइंट हा मोठा चोर आहे. लॅपटॉप आणि फोन दोन्ही एकदम जोडलेले ठेवायची सोय, पण बऱ्याच मॉडेलमध्ये ती चालू केली की एलडॅक आपोआप बंद होतो आणि कुणी सांगतही नाही. तसंच गेम मोड, स्पेशियल ऑडिओ, कधीकधी बड्सचा इक्वलायझरसुद्धा. काल चालत होतं आणि आज नाही असं झालं तर मध्ये काय चालू केलं ते आठवा, नव्वद टक्के उत्तर तिथेच असतं.

९९० चा हट्ट

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात आणि यावरच मला जास्त बोलायचंय. एलडॅकचे तीन टप्पे आहेत, ३३०, ६६० आणि ९९०, गाणं ४४.१ च्या घरातलं असेल तर ३०३, ६०६ आणि ९०९. चौथा पर्याय बेस्ट एफर्ट, म्हणजे फोन सिग्नल बघून आपला आपण वर-खाली करतो. लोक डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ९९० सक्तीनं लावतात आणि मग आवाज तुटतो, टक-टक येतं, एका कानातलं जातं, मग म्हणतात बड्स भंगार आहेत.

घरात खुर्चीवर बसून ९९० मस्त चालतं. आता फोन पँटच्या मागच्या उजव्या खिशात टाका आणि मोकळ्या मैदानात चालायला लागा. डावा कान तुटायला लागेल. गंमत वाटेल की बाहेर तर अडथळा कमी, मग तुटतं कसं, पण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात मुरतात आणि आपलं अंग म्हणजे बरंचसं पाणीच. घरात त्याच लहरी भिंतींवर आपटून अंगाला वळसा घालून कानापर्यंत येतात, मैदानात आपटायला भिंतच नसते. फोन शर्टाच्या खिशात किंवा हातात घ्या, तुटणं लगेच कमी होईल. गर्दीत प्रकार वेगळा, तिथे प्रत्येकाचं ब्लूटूथ आणि २.४ चं वाय-फाय एकाच पट्ट्यात भांडत असतं. घरात राउटरमुळे तुटत असेल तर फोन ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर टाका, खूप फरक पडतो.

माझ्या मते बसून ऐकताना ९९०, चालता-फिरता ६६०, आणि कटकट नको असेल तर बेस्ट एफर्ट. न तुटणारं ६६० हे तुटणाऱ्या ९९० पेक्षा कधीही चांगलं. फक्त बेस्ट एफर्टवर ठेवून गर्दीत बसलात तर तो ३३० वर घसरलेला असू शकतो आणि तिथे मग नेहमीच्या कोडेकपेक्षा फारसा फायदा उरत नाही, नाव मात्र एलडॅकच दिसत राहतं. म्हणून नुसतं कोडेकचं नाव बघून खूश होऊ नका.

अजून एक, हे सेटिंग बड्स परत जोडले की बऱ्याच फोनमध्ये पुसलं जातं. बिघाड नाहीये तो, परत लावायचं.

सॅम्पल रेट ९६ वर ठेवला की गाणं ९६ चं होत नाही. तुमची बहुतेक गाणी ४४.१ ची असतील तर ४४.१ च ठेवा, उगाच वर खेचून नवीन काही तयार होत नाही आणि त्याच बिटरेटमध्ये जास्त सॅम्पल कोंबावे लागतात.

मध्येच फोनवर बोलल्यासारखा आवाज

गाणं छान चाललंय आणि अचानक डबा झाल्यासारखा आवाज, हे झालं की समजायचं कुठल्यातरी ॲपनं बड्सचा माइक घेतलाय. माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि तिथे साधारणपणे ८ नाहीतर १६ किलोहर्ट्झवरच काम चालतं, एलडॅक वगैरे सगळं बाजूला. व्हॉइस चॅटवाला गेम, मागे उघडं राहिलेलं मीटिंग ॲप, व्हॉइस असिस्टंट, यातलं कुणीतरी असतं. ते बंद करा किंवा त्या ॲपची माइकची परवानगी काढा. गेम खेळताना तसाही एलडॅक नको, आवाज उशिरा येतो.

कानात नीट बसलेत का

सगळ्यात शेवटचा नाका आणि सगळ्यात दुर्लक्षित. सिलिकॉनचा टिप सैल असेल तर बेस गळून जातो, नॉइज कॅन्सलेशन अर्धवट होतं आणि मग लोक इक्वलायझरमध्ये बेस ओढत बसतात. माझ्या डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळ्या साइजचे टिप लागतात हे मला फार उशिरा कळलं. बॉक्समधले सगळे टिप लावून बघा, बड्सच्या ॲपमध्ये फिट टेस्ट असेल तर ती करा, टिप लावल्यावर बोललात की स्वतःचा आवाज डोक्यात घुमला पाहिजे, नाही घुमला तर सील झालेलं नाही. जाळीवर मळ साचला असेल तर एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होत जातो आणि आपल्याला वाटतं बड खराब झाला. कोरड्या मऊ ब्रशनं, बड उलटा धरून साफ करा, सुई अजिबात खुपसू नका.

फोनचा डॉल्बीसारखा इफेक्ट आणि बड्सचा इक्वलायझर दोन्ही एकदम चालू ठेवू नका, दोघातलं एक.

फरक ऐकू येतो की नाही हे बघायचं असेल तर ओळखीचं एकच गाणं घ्या, लाइव्ह रेकॉर्डिंग असेल तर उत्तम, कारण टाळ्यांचा कडकडाट हा कोडेकला सगळ्यात जड जातो, वाईट कोडेकवर तो पावसासारखा एकसारखा चिकटून ऐकू येतो आणि चांगल्यावर हात सुटे सुटे ऐकू येतात. कोडेक बदलला की आवाजाची पातळी थोडी हलू शकते, ती आधी सारखी करून घ्या, कारण जरा मोठा आवाज आपल्याला नेहमीच जास्त चांगला वाटतो. शक्य असेल तर कोडेक दुसऱ्याला बदलायला सांगा आणि तुम्ही स्क्रीनकडे बघू नका. एएसी आणि एलडॅकमधला फरक नाही जाणवला तर बिनधास्त एएसीवर ऐका, बॅटरी जास्त टिकेल.

आणि सगळं बरोबर असून एलडॅक दिसतच नसेल तर बड्सचं फर्मवेअर अपडेट करा, फोनमधून बड्स फर्गेट करा, बड्स रिसेट करा, फोन रीस्टार्ट करा आणि नव्यानं पेअर करा, या क्रमानं, कारण फोन पहिल्या पेअरिंगच्या वेळची माहिती धरून बसलेला असतो. त्यानंतर बड्सच्या ॲपमध्ये हाय-रेसचं बटण परत एकदा बघा, रिसेट झाल्यावर ते पुन्हा बंद झालेलं असू शकतं.