धुराच्या टेस्टमध्ये जुनी गाडी फेल झाली? आधी रिपोर्टचे आकडे वाचा

जुनी गाडी फेल झाली की लोक तडक गॅरेज गाठतात आणि तिथे पहिलं बोट जातं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धुरातले विषारी वायू साफ करणारा, सायलेन्सरच्या पाइपातला डबा), म्हणजे नेमकं सगळ्यात महागड्या पार्टवर. जरा थांबा. जो कागद हातात मिळालाय त्यावरच अर्धं उत्तर छापलेलं असतं, पण खालचं फेल बघून आपण तो घडी करून खिशात टाकतो.

आधी पेट्रोल गाडीचं बोलू. सीओ (कार्बन मोनॉक्साइड, पेट्रोल अर्धवट जळल्यावर होणारा वायू) जास्त आलाय म्हणजे मिक्स्चर रिच आहे, पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल (वजनाने) असं प्रमाण लागतं, ते बिघडलं की सीओ वाढलाच. मग एअर फिल्टर काढून बघा, कार्बोरेटरवाली गाडी असेल तर चोक पूर्ण उघडतोय ना ते बघा आणि आयडलिंगचं मिक्स्चर मशीन लावूनच सेट करून घ्या, कानाने नको. इंजेक्शनवाली असेल तर संशय ऑक्सिजन सेन्सरवर (धुरात ऑक्सिजन किती ते मोजून कॉम्प्युटरला सांगणारा), तो जुना झाला की सुस्त होतो, नाहीतर मग गळका इंजेक्टर.

एचसी (हायड्रोकार्बन) जास्त म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल, टायमिंग. प्लग काढल्यावर फिकट तपकिरी दिसला तर ठीक, कोरडा काळा असेल तर मिक्स्चर रिच, तेलकट काळा असेल तर ऑइल वर येतंय, आणि तसं असेल तर खर्च मोठा आहे हे आधीच समजून घ्या. गंमत अशी की मिक्स्चर फार लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं तरी इंजिन मिसिंग मारतं, म्हणजे मधेमधे पेटतच नाही, आणि एचसी चढतंच, म्हणून तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपा शोधा, जुन्या गाडीचं रबर कडक होऊन कुठेतरी चिरलेलं असतंच. काही ठिकाणी नायट्रोजन ऑक्साइडही मोजतात, तो जास्त आला तर इंजिन आत फार तापतंय, तेव्हा ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडून आतलं तापमान खाली ठेवणारा) आणि कूलिंग बघायचं.

सायलेन्सरच्या पाइपला भोक असेल तर ते टेस्टच्या आधी बुजवा, आवाजासाठी नाही, तर त्या भोकातून बाहेरची हवाही आत ओढली जाते आणि ते सेन्सरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला असेल तर सेन्सरला वाटतं मिक्स्चर लीन आहे, मग कॉम्प्युटर अजून पेट्रोल ओततो आणि तुम्ही उगाच इंजेक्टर बदलत बसता.

एवढं सगळं झाल्यावर कन्व्हर्टरचा नंबर. तो खरंच गेलेला असू शकतो, पण बरेचदा त्याला मारलेलं असतं मिसिंगनेच, न जळलेलं पेट्रोल आत जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. मिसिंग तसंच ठेवून नवा बसवला तर तोही जाणार.

आता टेस्टचा दिवस. यात फुकटचे मार्क आहेत आणि ते कोणी घेत नाही. कन्व्हर्टर साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअस तापल्याशिवाय कामच सुरू करत नाही, त्यामुळे गाडी घरून काढून दोन गल्ल्या ओलांडून टेस्टला नेली तर चांगली गाडीपण फेल होऊ शकते. आधी पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवा, लाइनीत फार वेळ गेला तर नंबर यायच्या आधी गाडी न्यूट्रलला ठेवून दोन-अडीच हजार आरपीएमवर दोनेक मिनिटं धरा. ऑइल फार जुनं असेल तर आधीच बदला, त्यात मिसळलेल्या पेट्रोलची वाफ पीसीव्हीमधून (इंजिनच्या तळातल्या वाफा परत आत नेणारा व्हॉल्व्ह) परत इंजिनात जाते आणि आकडे वाढवते. टाकीत टाकायच्या जादूच्या बाटल्यांनी इंजेक्टर थोडेफार साफ होतात, फुटलेला पाइप काही सांधला जात नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून टेस्ट होते तिथे वेगळीच भानगड. चेक इंजिन लाइट जळतोय म्हणून टेस्टच्या सकाळी बॅटरी काढून कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड उडवायचा, हा उद्योग करू नका. कोड उडाला की कॉम्प्युटरच्या आतल्या सगळ्या तपासण्या पण रिसेट होतात आणि मशीनला लगेच कळतं की गाडी रेडी नाही. त्या परत पूर्ण व्हायला गार इंजिनपासून सुरुवात करून काही दिवस गावात, हायवेवर अशी मिक्स चालवावी लागते, आणि टाकी तेव्हा अर्धी-पाऊण असलेली बरी, कारण पेट्रोलच्या वाफेची तपासणी टाकी अगदी भरलेली किंवा रिकामी असली की होतच नाही.

डिझेलचं सोपं आहे, धूर किती दाट ते बघतात. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: फिल्टर, टर्बोचा होज, इंजेक्टर. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातून पांढरा येत राहिला तर कूलंट कमी होतंय का ते बघा. पण डिझेलवाल्यांनी एक गोष्ट नक्की करा, या टेस्टमध्ये इंजिन बऱ्याच ठिकाणी परत परत फुल रेस करतात, तेव्हा टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते आठवत नसेल तर आधी बेल्ट आणि ऑइल लेव्हल बघून घ्या, तिथे बेल्ट तुटला तर इंजिनच खोलायला लागेल.