खाऱ्या वाऱ्यात टिकणारं गॅस ग्रिल कसं निवडावं

आमचं पहिलं गॅस ग्रिल दुसऱ्या पावसाळ्यात गेलं. गौरी-गणपती उरकले, मुंबईचे पाहुणे अजून दोन दिवस होते, म्हणून मागीलदारी बांगडे भाजायचं ठरलं. आच्छादन काढलं तर झाकण आरशासारखं चकचकीत. आत हात घातला आणि बर्नरची नळी मधोमध तुटून हातात आली, पापुद्रे सुटलेली. चरबी गळते तो खालचा ट्रे उचलला, तर कडा वर आल्या नि तळ तिथेच राहिला. बांगडे शेवटी चुलीतल्या निखाऱ्यावरच भाजले.

घर वेंगुर्ल्याकडचं, समुद्र चालत दहा मिनिटांवर. बाजारातल्या फॅब्रिकेशनवाल्याला तो सांगाडा दाखवला. त्याने टेबलावरचं चुंबक झाकणाला लावलं, ते टच्‌कन चिकटलं. "वयनीनू, ह्या पत्र्याचा काय खरा नाय," तो म्हणाला. दुसरं ग्रिल घेताना चुंबक मी पर्समध्ये घेऊन गेले होते. ते अजून चालू आहे. त्या दोन खरेद्यांमधून जे कळलं ते सांगते.

पहिली पायरी : घर समुद्रापासून किती लांब ते बघा

किनाऱ्यावर दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि मिठाचे बारीक कण घेऊन येतो. ते प्रत्येक धातूवर बसतात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच विरघळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. म्हणजे कोरड्या दिसणाऱ्या ग्रिलवरसुद्धा खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो. पावसाचं पाणी निदान मीठ धुऊन तरी नेतं. आच्छादनाखालच्या, पाऊस न लागणाऱ्या भागात ते साचत राहतं. आमचं ग्रिल आतून का गेलं याचं उत्तर हेच.

समुद्र दिसतो किंवा रात्री गाज ऐकू येते अशा घरात मालाबाबत तडजोड करू नका. घर कुडाळ-चिपळूणसारखं आत असेल तर थोडं स्वस्तातलंही चालून जातं.

दुसरी पायरी : पत्र्याची जात ओळखा

'स्टेनलेस स्टील' एवढं लिहिलेलं असणं म्हणजे 'मासे ताजे आहेत' असं कोणी सांगण्यासारखं आहे. जात, म्हणजे ग्रेडचा आकडा, विचारायची.

४३० जातीत निकेल जवळजवळ नसतं. त्याला चुंबक चिकटतं आणि किनाऱ्यावर ते लवकर गंजतं. स्वस्त ग्रिलची झाकणं बहुतेक याचीच. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम नि ८ टक्के निकेल असतं. आपल्याला हवं ते हे. ३१६ मध्ये शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून मिठापुढे ते सर्वांत चिवट. पण किंमत बरीच चढते. अगदी पुळणीला लागून घर असेल तरच त्याचा विचार करा.

आता यातली मेख. चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४ असं समजू नका. आपल्याकडे २०२ जातीचा पत्रा सर्रास मिळतो. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. त्यालाही चुंबक चिकटत नाही आणि दिसायला तो ३०४ चा जुळा भाऊ. भंगारवाल्यांकडे आणि स्टीलच्या दुकानांत तपासणीची बाटली मिळते: एक थेंब टाकून छोट्या बॅटरीचं टोक टेकवायचं, थेंब लाल झाला की २०२. दुकानदार ते करू देणार नसेल तर बिलावर '३०४' लिहून मागा. लिहायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. आणि उलट बाजूही सांगते: ३०४ चा पत्रा जिथे वाकवलेला असतो त्या कडेला चुंबक किंचित ओढलं जातं. तेवढ्यावरून भांडू नका, सपाट भागावर लावून बघा.

समुद्राजवळ ३०४ वरही कोऱ्या चहाच्या रंगाचे डाग येतात. ते वरवरचे. साबण आणि नायलॉनच्या घासणीने जातात. लोखंडी तारेची घासणी लावलीत तर तिचे कण पत्र्यात रुतून तेच गंजायला लागतात.

भट्टीचं खोकं ओतीव ॲल्युमिनियमचं असेल तर उत्तम, त्याला तांबडा गंज धरत नाही. रंगवलेला म्हणजे पावडर कोटिंगचा लोखंडी पत्रा मात्र टवका उडाला की संपला. गंज रंगाखालून पसरत जातो आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

तिसरी पायरी : दुकानात खाली बसा

अक्षरशः खाली बसा आणि वर बघा. ग्रिल मरतं ते तळाकडून. बर्नरची नळी ३०४ ची आहे का, पत्रा जाड आहे का, भोकांच्या कडा स्वच्छ कापलेल्या आहेत का? बर्नर दोन स्क्रू काढून सुटतो का, की जोडूनच टाकलाय? सुटणाराच घ्या, कारण तो दरवर्षी काढायचाय.

मग स्क्रू. चांगल्या पत्र्याला साधे पॉलिश केलेले लोखंडी स्क्रू लावून पैसे वाचवणं ही जुनी युक्ती. चुंबक प्रत्येक स्क्रूला लावून बघा. मी बिजागरीलासुद्धा लावलं, विक्रेता हसत होता. पाय पोकळ चौकोनी पाइपचे असतील तर खालच्या टोकाला पाणी जायला वाट आहे का बघा, नाहीतर पाइप आतून भरतो. शेवटी झाकण उघडून कडेला धरून हलवा. ते लटलटलं तर पुढचं बघू नका.

चौथी पायरी : जाळी

मला बिडाचीच आवडते. उष्णता धरून ठेवते आणि सुरमईच्या तुकडीवर छान पट्टे उठतात. पण बिडाच्या तव्यासारखीच तिची निगा: धुतली की लगेच पुसून, गरम करून तेल पाजायचं. हे होणार नसेल तर जाड सळीची ३०४ ची जाळी घ्या. मासा तिच्यावर थोडा जास्त चिकटतो, एवढंच.

जस्ताचा मुलामा दिलेली जीआय जाळी कोणी स्वस्तात देऊ केली तर नको म्हणा. आपलं माशाचं वाटण म्हणजे मीठ, लिंबू, कोकमाचं आगळ. आंबटाने जस्त विरघळतं आणि ते सरळ ताटात येतं.

पाचवी पायरी : गॅसचं जमतंय का

परदेशी बनावटीचं ग्रिल फोटोत सुंदर दिसतं, पण त्याचा रेग्युलेटर आपल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बसत नाही, आणि खालच्या कपाटात आपला १४.२ किलोचा सिलिंडर मावेलच असं नाही. टेप घेऊन जा. जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, एलपीजीचे आहेत ना, हे विचारा. नैसर्गिक वायूच्या जेटचं भोक मोठं असतं, त्यावर एलपीजी लावला तर पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्वाळा उठतात. नळी आयएसआय चिन्हाची सुरक्षा होज हवी, ती पाच वर्षांनी बदलायची.

तीन बर्नरचं ग्रिल ९ किलोवॅटच्या आसपास असतं. पूर्ण आचेवर ते तासाला साधारण ७०० ग्रॅम गॅस पितं. तेवढा पुरवठा घरच्या रेग्युलेटरमधून होईल का, हे घेण्याआधी वितरकाला विचारा.

होम-स्टे चालवत असाल तर घरगुती सिलिंडर पाहुण्यांच्या ग्रिलला लावता येत नाही, तिथे १९ किलोचा व्यावसायिक लागतो.

सहावी पायरी : आकार आणि सुटे भाग

घरच्या सहा-आठ माणसांना दोन किंवा तीन बर्नर पुरे. ६० बाय ४५ सेंटिमीटरच्या जाळीवर मध्यम आकाराचे दहा-बारा बांगडे एका वेळी बसतात. बाजूचा जादा बर्नर, आतले दिवे, बाटली उघडायचा हूक यांचे पैसे पत्र्यात घाला. बर्नर आणि त्यावरची झाकपट्टी सुटी मिळते का ते विचारा, आणि वॉरंटीतली बारीक अक्षरं वाचा. गंज बऱ्याचदा तिथेच वगळलेला असतो.

चांगलं मिळालंच नाही, तर सांगाडा, ट्रे आणि जाळी स्थानिक फॅब्रिकेटरकडून १८ गेज जाडीच्या ३०४ मध्ये करून घेता येते. फक्त त्याला चित्र काढून द्या. नुसतं 'ग्रिल' म्हणालात तर तो खिडकीचं माप विचारेल. बर्नर, जेट, व्हॉल्व्ह मात्र तयार आणि प्रमाणित घ्यायचे.

सातवी पायरी : जागा, आणि आगोट

ग्रिल जांभ्याच्या सपाट कट्ट्यावर ठेवा. वाळूत चाकं रुततात, तांबड्या मातीत पाय खचतात. वारा पाठीमागच्या फटीतून आत शिरला तर उष्णता पुढच्या नॉबांवर येते, म्हणून वारा तुमच्या पाठीवर येईल असं तोंड ठेवा. आमच्याकडे त्याचा अर्थ ग्रिलचं तोंड समुद्राकडे. माडाखाली नको, नारळ कधी पडेल ते सांगून पडत नाही. झावळांच्या मांडवाखालीही नको. पडवीला पावसासाठी झडी (आडोशाच्या ताट्या) लावल्या की तिथे पेटवायचंच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खळग्यात साचतो, म्हणून सिलिंडर खड्ड्याजवळ किंवा विहिरीच्या काठाशी नको.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ग्रिलचीही सुट्टी. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तयारीची, बाकी कामं चालू असतात त्यातच हे उरकते. सगळं गोड्या पाण्याने धुवायचं. विहीर मचूळ असेल तर पावसाचं पहिलं पाणी धरून ठेवा. उन्हात खडखडीत वाळवायचं. बर्नर काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळायचे आणि कपाटात ठेवायचे. जाळीला तेल. सांगाडा पडवीत आत, आणि वर जुनी चादर. प्लास्टिकची ताडपत्री आवळून बांधलीत तर आत घाम धरतो, आमच्या पहिल्या ग्रिलला तिनेच मारलं.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघाल्या की जोडणी करा. बर्नरच्या नळीत बाटली धुवायचा ब्रश आधी घालून बघा. कोळी जाळी करतो, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, आणि वाट अडली की गॅस मागे फिरून नॉबांपाशी पेट घेतो. गेल्या वर्षी आमच्या एका नळीतून सुपारीएवढा मातीचा गोळा निघाला. सगळं जोडून झालं की सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा फुगला तर तिथे गळती आहे, काडी ओढून कधीही बघायची नाही. वास आला तर सिलिंडर बंद करून १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

ज्वाळा निळी, टोकाला किंचित पिवळी हवी. झाकण लावून पंधरा मिनिटं रिकामंच तापू द्या, मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून जाळीवर घासा. बांगडा टाकल्यावर चार मिनिटं त्याला हात लावू नका. कातडी सुटली की तो आपणहून उलटतो.