सासूबाईंना डॉक्टरांकडे नेण्याआधीची तयारी

मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास आणि गुडघे, असं सगळं एकाच माणसाच्या वाट्याला आलं की डॉक्टरही तीन-चार होतात. प्रत्येकजण आपापलं औषध नीटच देतो, पण सगळ्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहत नाही. ते काम घरातल्या एकाने अंगावर घ्यायला हवं. आमच्याकडे ते मी करते आणि तपासणीच्या आदली संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवते.

सुरुवात औषधांच्या पिशवीपासून करा. वर्तमानपत्र पसरून सगळं त्यावर ओता. उशाखालची दुखण्यावरची गोळी, फ्रीजमधलं इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब, चूर्ण, कुणी आणून दिलेला काढा, काहीही वगळू नका. स्ट्रिपवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, त्याखालचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा, भिंग घेऊन वाचा. गेल्या पावसाळ्यात सासूबाई सकाळी ओट्याला धरून खाली बसायच्या, म्हणायच्या, "अगं, डोळ्यांपुढे अंधारी येते." एका डॉक्टरांनी रक्तदाब उतरवणारं टेल्मिसार्टन दिलं होतं. दुसऱ्यांनी दिलेल्या गोळीत टेल्मिसार्टन आणि रक्तदाबाचंच अ‍ॅम्लोडिपिन एकत्र होतं, नाव मात्र भलतंच. तीन आठवडे दोन्ही चालू होत्या आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं. असं काही सापडलं तर स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असलेली दुखण्यावरची गोळी दिसली तर तीही आवर्जून दाखवा. गुडघ्यांना आराम पडतो हे खरं, पण या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि रक्तदाबही वाढवतात.

मग एकच कागद करा. वय, वजन, कशाची अ‍ॅलर्जी आहे, आणि प्रत्येक औषधापुढे घटक, मात्रा, वेळ, कशासाठी आणि कुणी दिलं. खाली रक्ततपासणीतलं शेवटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि एचबीएवनसी, तारखेसह. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगतं, त्यामुळे तारीख नसेल तर आकड्याचा फारसा उपयोग होत नाही. एक प्रत त्यांच्या बटव्यात, एक फ्रीजवर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक लिहा. दाढ काढण्याआधी दातांचे डॉक्टर विचारतातच.

घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून ठेवा, पाच मिनिटं शांत बसवून. एक-दोनदा उभं केल्यावरही मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगाच, कारण म्हातारपणी पडण्याचं ते एक मोठं कारण आहे. साखरेच्या वहीत उपासही लिहा. सासूबाई चतुर्थी सोडत नाहीत आणि डॉक्टरांपुढे तो विषय काढतही नाहीत. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.

निघताना चष्मा, कवळी, कानाचं मशीन, जेवणाचा डबा. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर साखरेची गोळी आधी देऊन ताटकळत बसवू नका. कागदपत्रांत आधार आणि आयुष्मान कार्ड. 2024 च्या ऑक्टोबरपासून 70 वर्षं आणि त्यावरच्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचे उपचार या योजनेत मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. ओपीडीचा खर्च आपलाच.

प्रश्न तीनच लिहून न्या, आणि आधी त्यांना बोलू द्या. डॉक्टर विचारायचे, "आजी, काय होतंय?" आणि उत्तर मी द्यायचे. एकदा गप्प बसले, तेव्हा कळलं की रात्री चार-पाचदा उठावं लागतं म्हणून त्या संध्याकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. लघवी वाढवणारी गोळी त्या रात्री घेत होत्या, चिठ्ठीवर फक्त "दिवसातून एकदा" लिहिलेलं. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली आणि पाणी किती प्यायचं तेही सांगितलं.

उठण्यापूर्वी काय बंद, काय नवीन आणि पुढची तपासणी कधी, हे लिहून मागा. घरी आल्यावर बंद झालेल्या स्ट्रिप त्याच दिवशी डब्यातून काढा, कागद नव्याने लिहा आणि त्याचा फोटो फॅमिली डॉक्टरांना पाठवा. आठवड्याचा गोळ्यांचा डबा मी सासूबाईंना शेजारी बसवूनच भरते. पांढऱ्या गोल गोळीऐवजी लांबट गुलाबी आली असेल तर आधी त्यांच्या हातावर ठेवते आणि ही तीच आहे असं सांगते. नाहीतर "ही माझी नाही" म्हणून त्या ती बाजूला काढून ठेवतात.