पाम पायलटमध्ये वाढदिवसाचा गजर

जुना पाम पायलट (खिशात मावणारा छोटा संगणक) वापरात असेल तर त्यातल्या डेट बुकमधली, म्हणजे दैनंदिनीतली, एक खोच माहीत असू द्या. वाढदिवसासारखी वेळ नसलेली नोंद करायला, कुठलीही नोंद निवडलेली नसताना सरळ ग्राफिटीत (लेखणीने अक्षरं काढून मजकूर भरायची पामची पद्धत) अक्षरं लिहायला लागा. नोंद आपोआप दिवसाच्या माथ्यावर, वेळेविना बसते. (आकडा लिहिलात तर वेळ ठरवायची चौकट उघडते, तीही सोय झकास.) मग 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'रिपीट' वर्षाचं करा.

गफलत होते ती 'अलार्म'मध्ये. वेळ नसलेल्या नोंदीचा गजर त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून मागे मोजला जातो. म्हणजे ५ मिनिटं ठेवलीत तर आठवण आदल्या रात्री ११:५५ ला! शिवाय असा गजर वाजत नाही, नुसती पडद्यावर सूचना येते. म्हणून मी ३ तास ठेवतो: आदल्या रात्री ९ वाजता सूचना, भेटवस्तू उशिरा आठवली तरी निदान शुभेच्छा तयार. सकाळी आवाजच हवा असेल तर सरळ ८ वाजताची वेळ घालून नोंद करा.

आणि हॉटसिंक, म्हणजे पाममधली माहिती मोठ्या संगणकावर उतरवून ठेवणं, विसरू नका. सगळी माहिती रॅममध्ये असते. सेल पार संपून तसेच राहिले की वाढदिवसही गेले.